आधी शेवट बघा

एखादी सेवा बंद पडली, वेबसाइट उघडेनाशी झाली किंवा रात्री लावून ठेवलेलं काम सकाळी अर्धवट सापडलं, की पहिला प्रश्न असतो: शेवटी नेमकं काय झालं? उत्तर बहुतेक वेळा लॉगफाइलच्या तळाशी असतं. लॉग म्हणजे यंत्राची रोजकीर्द. नवी नोंद कायम खाली पडते, जुनी वर राहते. तरीही नवीन शिकणारी मुलं ती फाइल सरळ एडिटरमध्ये उघडतात. फाइल दोन जीबीची निघते, एडिटर अडकून बसतो, आणि आधीच धापा टाकणाऱ्या सर्व्हरची उरलीसुरली मेमरी तो खाऊन टाकतो. मदत करायला गेलेला माणूस त्या घटकेला अडचणीत भर घालतो.

या कामासाठी टेल नावाची छोटी कमांड आहे. लिनक्सवर, मॅकवर आणि युनिक्सच्या घराण्यातल्या जवळपास प्रत्येक यंत्रणेवर ती आधीपासूनच असते, वेगळी बसवावी लागत नाही. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती होती आणि आजही रोज वापरली जाते. काम एकच: मजकुराचा शेवटचा भाग दाखवणं. कमांड पाच मिनिटांत शिकून होते. पण ती गप्प बसते तेव्हा त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला शिकणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते सहसा कोणी शिकवत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवातीला लिपीबद्दल एक खुलासा. वाचताना ओघ तुटू नये म्हणून इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. टेल म्हणजे टी, ए, आय, एल, सगळी अक्षरं छोटी. मोठं अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलं आहे, आणि तिथे ते अजिबात चुकवू नका.

किती ओळी, कुठून

‘टेल एरर.लॉग’ एवढंच लिहून एंटर दाबलं की फाइलच्या शेवटच्या १० ओळी दिसतात. किती ओळी हव्यात ते सांगायचं असेल तर ‘टेल -एन ५० एरर.लॉग’. काही जण ‘टेल -५०’ असंही लिहितात. ही जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते, पण एकापेक्षा जास्त फायली दिल्या की ती अडखळू शकते. हाताला एन लिहायची सवय लागलेली बरी.

दहा ओळी पुरतात का, हे लॉग कोणाचा आहे यावर ठरतं. पायथनचा प्रोग्रॅम कोसळला तर खऱ्या चुकीचं नाव अगदी शेवटच्या ओळीत येतं, आधीच्या ओळी फक्त तिथपर्यंतचा माग दाखवतात. तिथे दहा ओळी बहुधा पुरे. जावाचं उलटं आहे. चुकीचं नाव वर येतं आणि त्याखाली तीस-चाळीस ओळींची रांग लागते. मूळ कारण सांगणारी ओळ त्या रांगेच्या मध्येच कुठेतरी असते. दहा ओळी मागितल्या तर हाती नुसती रांग येते, आणि नवखा माणूस त्यातल्याच एखाद्या ओळीला कारण समजून भलत्या दिशेला लागतो. जावाचा लॉग बघताना सरळ २०० ओळी मागवा.

शंभर मागा की हजार, टेल तेवढ्याच झटक्यात उत्तर देते. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फाइल डिस्कवर असेल तर टेल ती सुरुवातीपासून वाचतच नाही. ती थेट शेवटाला उडी मारते, तिथून मागे काही हजार बाइटचा एकेक तुकडा उचलते आणि त्यात ओळ संपल्याच्या खुणा मोजते. हव्या तेवढ्या खुणा मोजून झाल्या की थांबते. म्हणूनच ५० जीबीच्या फाइलचा शेवटही क्षणात दिसतो. पण हाच मजकूर दुसऱ्या कमांडकडून पाइपने, म्हणजे दोन कमांड जोडणाऱ्या उभ्या रेघेच्या चिन्हाने, येत असेल तर मागे उडी मारायची सोयच नसते. तेव्हा टेलला सगळं वाहून येईपर्यंत वाट पाहावी लागते आणि शेवटच्या काही ओळी जवळ धरून बाकीच्या सोडून द्याव्या लागतात. ‘कॅट मोठी.लॉग’ लिहून पुढे पाइपने टेल लावणं ही फार रुळलेली सवय आहे, पण तिच्यात टेलचा सगळा वेग वाया जातो. फाइलचं नाव थेट टेललाच द्या.

आकड्याआधी अधिकचं चिन्ह लावलं की अर्थ पार बदलतो. ‘टेल -एन +२ पाऊस.सीएसव्ही’ म्हणजे शेवटच्या दोन ओळी नव्हेत, तर दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं. तालुक्याच्या पावसाची नोंद, मतदान केंद्रांची यादी, दुकानाचा हिशोब, अशा सीएसव्ही फाइलची पहिली ओळ बहुधा रकान्यांच्या नावांची असते. बेरीज करण्याआधी ती वगळायला एवढी एक कमांड पुरते. इथे आकडा नीट लक्षात ठेवा: एक ओळ सोडायची तर +२ लिहायचं. +१ लिहिलं तर अख्खी फाइल जशीच्या तशी येते आणि शीर्षकाची ओळ गुपचूप हिशोबात घुसते.

मधलीच एखादी ओळ हवी असेल तर टेलची जोडीदार हेड मदतीला येते. ‘हेड -एन ४१२ यादी.सीएसव्ही’ आणि पुढे पाइपने ‘टेल -एन १’, की बरोबर ४१२वी ओळ हाती. एखादं सॉफ्टवेअर ‘४१२व्या ओळीत चूक आहे’ असं सांगून मोकळं होतं तेव्हा ही जोडी कामाला येते.

एकाच वेळी बऱ्याच फायलींचा शेवट बघायचा असेल तर ‘टेल -एन ३ *.लॉग’. प्रत्येक फाइलच्या ओळींआधी बाणांच्या खुणांमध्ये तिचं नाव छापलेलं येतं. नावं नको असतील तर -क्यू जोडा. रात्रीची दहा कामं व्यवस्थित संपली का, हे सकाळी एका नजरेत बघायला याहून सोपं काही नाही.

मराठी मजकूर आणि बाइटचा हिशोब

टेलला ओळींऐवजी बाइटमध्येही मोजायला सांगता येतं, त्यासाठी -सी. सगळा डेटा एकाच अवाढव्य ओळीत असलेल्या जेसन फायली हल्ली सर्रास भेटतात. अशा फाइलची ‘शेवटची एक ओळ’ मागितली तर अख्खी फाइल पडद्यावर ओतली जाते. तिथे ‘टेल -सी ५००’ हाच शहाणा मार्ग.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र जरा जपून. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘मराठी’ हा शब्द घ्या. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. इको कमांडने तो लिहिला की ओळ संपल्याची खूण आणखी १ बाइट घेते, एकूण १६. आता ‘इको मराठी’ लिहून पुढे पाइपने ‘टेल -सी ७’ लावून बघा. शेवटची खूण, वेलांटी आणि ठ मिळून बरोबर सात बाइट होतात, म्हणून पडद्यावर ‘ठी’ येतं. सातऐवजी ४ लिहा. हाती फक्त वेलांटी लागते, आणि अक्षराविना उभी असलेली ती वेलांटी बरेचसे टर्मिनल ठिपक्यांच्या गोलावर बसवून दाखवतात. ५ लिहिलं तर ठचा शेवटचा एक बाइट तुटून येतो. एकट्या बाइटला काहीच अर्थ नसल्यामुळे त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन किंवा तसंच काहीतरी दिसतं.

हे दिसलं की लोकांना वाटतं फाइल बिघडली. फाइल ठणठणीत असते, आपण अक्षराच्या मधोमध कापलेलं असतं. म्हणून मराठी मजकुराचा शेवट बघताना ओळींनीच मोजा. बाइटनेच मोजावं लागलं तर सुरुवातीच्या एकदोन विचित्र खुणांकडे दुर्लक्ष करा. आणि बाइटने कापलेला मराठी तुकडा पुढच्या प्रोग्रॅमला कधीही देऊ नका, कारण तुटक्या बाइटवर बरेच प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतात.

चालू फाइलवर नजर

आतापर्यंत जे पाहिलं ते त्या क्षणापुरतं. टेलचं खरं मोल -एफ मध्ये आहे, म्हणजे छोटा एफ. ‘टेल -एफ एरर.लॉग’ म्हटलं की शेवटच्या दहा ओळी दाखवून टेल तिथेच थांबून राहते. फाइलमध्ये नवी ओळ पडली की ती लगेच पडद्यावर येते. लिनक्सवरची टेल त्यासाठी फाइल सारखी उघडून बघत नाही. फाइल बदलली की मला सांग, असं ती कर्नलला सांगून ठेवते. नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर ही सोय भरवशाची नसल्यामुळे तिथे ती दर सेकंदाला स्वतः तपासते. बाहेर पडायला कंट्रोल आणि सी.

कंट्रोल-झेडने बाहेर पडण्याची चूक सर्रास होते. त्याने टेल संपत नाही, नुसती निजते, आणि फाइल हातात धरूनच निजते. डिस्क भरली म्हणून कोणी ती लॉगफाइल खोडून टाकली तरी जागा मोकळी होत नाही, कारण एखादा प्रोग्रॅम फाइल उघडी धरून बसला असेल तर लिनक्स तिची जागा सोडत नाही. फाइल यादीतून गेलेली, जागा मात्र अडलेली, आणि कारण काय तर कुठल्या तरी विसरलेल्या खिडकीतली एक टेल. खोडलेल्या पण अजून धरून ठेवलेल्या फायली ‘एलएसओएफ +एल१’ या कमांडने सापडतात. त्यातला एल मोठा.

एक साधी युक्ती रोज उपयोगी पडते. टेल चालू असताना एंटर चारपाच वेळा दाबा. पडद्यावर रिकाम्या ओळींची फट पडते. मग ब्राउझरमध्ये जाऊन बिघडलेलं पान उघडा, किंवा फोनवर असलेल्या ग्राहकाला म्हणा, “आता बटण दाबा.” फटीखाली जे उमटेल ते त्या कृतीनंतरचं. फाइलमध्ये या रिकाम्या ओळी जात नाहीत, तेव्हा निर्धास्त दाबा.

ओळ येत नाही तेव्हा

टेल लावली आहे, पडदा स्थिर आहे, काहीच येत नाही. यातून ‘सगळं ठीक आहे’ असा निष्कर्ष फार चटकन काढला जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा निष्कर्ष तपासल्याशिवाय काढू नका. गप्प पडद्याचे दोन अर्थ असतात. एक, खरोखरच काही घडलेलं नाही. दोन, घडतंय, पण आपण बघतोय तिथे नाही. दुसरा अर्थ खोडून काढल्यावरच पहिला धरायचा.

सर्वांत आधी आपण स्वतः काहीतरी घडवून बघायचं. वेबसर्व्हरचा लॉग असेल तर ब्राउझरमध्ये मुद्दाम नसलेलं पान उघडा. प्रवेशाच्या लॉगमध्ये ४०४ची ओळ पडलीच पाहिजे. उबुंटू किंवा डेबियनवरचा सिसलॉग असेल तर दुसऱ्या खिडकीत ‘लॉगर चाचणी’ अशी कमांड द्या, चाचणी हा शब्दही इंग्रजी अक्षरांत. ती नोंद सिसलॉगमध्ये जाते आणि टेलच्या खिडकीत दिसायला हवी. दिसली तर खिडकी जिवंत आहे, शांतता खरी आहे. दिसली नाही तर शोध सुरू.

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे फाइल बदललेली असते. लॉग वाढत वाढत डिस्क भरू नये म्हणून लिनक्सवर लॉगरोटेट नावाचा प्रोग्रॅम बहुधा रोज एकदा चालतो. ठरवलेली वेळ किंवा आकार झाला की तो सिसलॉगचं नाव बदलून सिसलॉग.१ करतो आणि मूळ नावाने नवी कोरी फाइल सुरू होते. छोट्या एफची टेल नावाला नाही, फाइलला धरून असते. नाव बदललं तरी तिचा हात जुन्याच फाइलवर असतो. नव्या ओळी नव्या फाइलमध्ये पडतात आणि टेल जुनीकडे बघत बसते, काहीही न बोलता.

हे वाचून समजतं, पण करून बघितल्यावर पक्कं बसतं. टर्मिनलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. पहिलीत ‘टच चाचणी.लॉग’ लिहून रिकामी फाइल करा आणि ‘टेल -एफ चाचणी.लॉग’ लावा. लिनक्सवर फाइलचं नाव देवनागरीतही चालतं, तेव्हा हे नाव मराठीतच ठेवलंत तरी हरकत नाही. दुसऱ्या खिडकीत ‘इको एक >> चाचणी.लॉग’. पहिलीत ‘एक’ उमटतं. आता दुसरीत ‘एमव्ही चाचणी.लॉग चाचणी.लॉग.१’ म्हणून नाव बदला, आणि ‘इको दोन >> चाचणी.लॉग’ लिहा. पहिली खिडकी गप्प. मग ‘इको तीन >> चाचणी.लॉग.१’ लिहा. पहिल्या खिडकीत ‘तीन’ उमटतं! मागितलेल्या नावाच्या फाइलमध्ये ‘दोन’ आहे, आणि पडद्यावर एक आणि तीन आहेत. रात्री लावलेली टेल सकाळी का गप्प असते, ते इथे डोळ्यांसमोर घडतं.

यावर उपाय म्हणजे मोठा एफ. हायफनपुढे छोट्याऐवजी मोठा एफ लिहिला की टेल नावाला धरून राहते. फाइल नाहीशी झाली तर तसं सांगते, त्याच नावाने नवी आली की ‘फाइल बदलली, आता नवी बघते आहे’ अशा अर्थाची सूचना देऊन नवीकडे वळते. वरचा प्रयोग मोठ्या एफने पुन्हा केलात तर ‘दोन’ उमटेल आणि ‘तीन’ उमटणार नाही. लॉगसाठी कायम मोठा एफच वापरा, असं माझं मत आहे. नाव बदललं तरी मुद्दाम त्याच जुन्या फाइलमागे राहायचं असेल अशा क्वचित वेळीच छोटा एफ लागतो. विम किंवा तसले एडिटरही सेव्ह करताना कधी कधी जुनी फाइल बाजूला सारून त्याच नावाची नवी लिहितात, तेव्हाही मोठा एफच तारतो.

फाइल बरोबर आहे, तरी ओळी येत नाहीत, असं असेल तर लिहिणाऱ्याकडे बघा. विद्यार्थ्यांना हे हमखास छळतं. पायथनचा प्रोग्रॅम लावला, त्याचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं, टेल लावली, आणि अर्धा तास काही नाही. प्रोग्रॅम अडकला असं समजून बंद केला जातो. खरं म्हणजे पडद्याऐवजी फाइलमध्ये लिहायचं असलं की पायथन प्रत्येक ओळ लगेच लिहीत नाही. बऱ्याच ओळी साठवतो आणि साठा भरल्यावर एकदम लिहितो. ‘पायथन -यू’ असं चालवलं की ओळी तिथल्या तिथे फाइलमध्ये जातात.

हीच साठवण पाइपमध्येही होते. टेलपुढे एक ग्रेप लावून हव्या त्या ओळी निवडल्या तर सगळं सुरळीत चालतं. त्या ग्रेपपुढे आणखी एक ग्रेप लावली की पडदा गप्प होतो. पहिल्या ग्रेपचं आउटपुट आता पडद्याकडे नाही, पाइपमध्ये जातं, आणि पाइप दिसला की ती साठवून ठेवायला लागते. पहिल्या ग्रेपला ‘--लाइन-बफर्ड’ हा पर्याय जोडा, ओळी पुन्हा वाहू लागतात. सेडसाठी हेच काम -यू करतो.

घड्याळाचाही घोळ होतो, आणि तो आपल्याकडे विशेष होतो. क्लाउडवरचे बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं पुढे. दुपारी तीन वाजता बघत असाल तर ताज्या ओळीवर साडेनऊची वेळ असते. ते पाहून ‘सकाळपासून लॉग बंद आहे’ असा समज होतो आणि चालू सेवा उगाच रीस्टार्ट केली जाते. आधी ‘डेट’ कमांड देऊन सर्व्हरला किती वाजले ते विचारा. वेबसर्व्हरच्या प्रवेशाच्या लॉगमध्ये वेळेपुढे +०००० किंवा +०५३० असा फरक छापलेला असतो, तोही वाचायची सवय ठेवा.

दोन कारणं राहिली, दोन्ही पटकन तपासता येतात. विंडोजच्या सवयीने टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस दाबलं गेलं तर पडदा जागच्या जागी थिजतो; कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतो. आणि डिस्क शंभर टक्के भरली असेल तर लॉगमध्ये लिहायलाच जागा नसते, बिघाडाची नोंदही त्यामुळे होत नाही. ‘डीएफ -एच’ एकदा चालवून बघा.

टेलच्या पलीकडे

लॉग नुसता वाहताना बघणं पुरत नाही, कधी मागे जाऊन शोधावं लागतं. अशा वेळी टेलपेक्षा लेस बरी. ‘लेस +एफ एरर.लॉग’, यातला एफ मोठा, असं उघडलं की ती टेलसारखीच नव्या ओळी दाखवत राहते. कंट्रोल-सी दाबलं की थांबते, मग वर-खाली जा, शोधा, वाचा, आणि मोठा एफ दाबून पुन्हा वाहत्या लॉगवर या. बिघाडाच्या तासाला मी टेलऐवजी हीच वापरतो.

थोडी मोजदाद हवी असेल तर टेल पुन्हा कामी येते. वेबसर्व्हरच्या नेहमीच्या पद्धतीच्या प्रवेश-लॉगमध्ये नववा रकाना उत्तराच्या कोडचा असतो: २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे पान नाही, ५०० आणि त्यापुढचे म्हणजे सर्व्हरची चूक. ‘टेल -एन १०००’च्या पुढे ऑकने नववा रकाना काढा, सॉर्ट करा, ‘युनिक -सी’ लावा. शेवटच्या हजार विनंत्यांमध्ये कोणतं उत्तर किती वेळा गेलं ते पाचसहा ओळींत समोर येतं. ‘साइट अधूनमधून चालत नाही’ अशी मोघम तक्रार असते तेव्हा या पाचसहा ओळींवरून बोलणं नेमक्या जागी येतं. साइट खरंच चुका देत असेल तर ५०२ किंवा ५०४ची संख्या फुगलेली दिसेल. नसेल तर तक्रार करणाऱ्याच्या इंटरनेटकडे बघावं लागेल.

जुन्या लॉगांची नावं अनेकदा .जीझेडने संपतात. त्या दाबून ठेवलेल्या फायली आहेत. त्यांच्यावर थेट टेल लावली तर कचरा दिसतो आणि कधी टर्मिनलची अक्षरंही बिघडतात. तसं झालं तर न घाबरता ‘रीसेट’ लिहून एंटर द्या. अशा फायलींसाठी ‘झेडकॅट’ वापरा आणि पुढे पाइपने टेल लावा. इथे मात्र पाइप लागतोच.

सिस्टमडीच्या लिनक्सवर बऱ्याच सेवांचे लॉग साध्या मजकूर फाइलमध्ये जातच नाहीत. ते जर्नलमध्ये जातात आणि जर्नल टेलला वाचता येत नाही. तिथे ‘जर्नलसीटीएल -एफ’ तेच काम करते. त्याआधी ‘-यू’ आणि सेवेचं नाव दिलं की फक्त त्या सेवेच्या ओळी येतात. डॉकरमध्ये ‘डॉकर लॉग्ज --टेल १०० -एफ’ आणि पुढे कंटेनरचं नाव. तिथे आकडा द्यायला विसरू नका, नाहीतर कंटेनर सुरू झाल्यापासूनचा सगळा लॉग पडद्यावरून पळत सुटतो.

लॉगचा तुकडा कोणाला पाठवायचा असेल, आणि मदत मागताना तो पाठवावाच लागतो, तर आधी तो स्वतः ओळ न् ओळ वाचा. प्रवेश-लॉगमध्ये लोकांचे आयपी पत्ते असतात. ढिसाळ लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये मोबाइल नंबर, पासवर्ड आणि टोकनही असतात. ती माहिती आपल्यावर विश्वास ठेवलेल्या माणसांची आहे. पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकण्याआधी हे भाग झाका. फोटोपेक्षा मजकूरच पाठवलात तर समोरच्याला त्यात शोधताही येतं: ‘टेल -एन २०० एरर.लॉग > तुकडा.टीएक्सटी’, मग ती छोटी फाइल तपासा, खोडायचं ते खोडा आणि पाठवा.

सराव करायला सर्व्हर लागत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स बसवलंत तर टेल, हेड, लेस सगळं त्यात चालतं आणि दोन खिडक्यांचा प्रयोगही करता येतो. मॅकवरची टेल बीएसडी घराण्यातली आहे. -एन, -सी, छोटा आणि मोठा एफ तिथेही आहेत. लिनक्सच्या टेलमध्ये नसलेला -आर हा पर्याय तिच्यात आहे, तो ओळी उलट क्रमाने, ताजी सर्वांत वर, अशा दाखवतो. लिनक्सवर त्यासाठी टॅक नावाची वेगळी कमांड असते.

विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टेल नाही. पॉवरशेलमध्ये मात्र ‘गेट-कंटेंट एरर.लॉग -टेल २०’ चालतं, आणि नव्या ओळींची वाट पाहायला शेवटी ‘-वेट’ जोडायचं. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१मध्ये मराठी मजकुराची फाइल अशी वाचली तर बऱ्याचदा अक्षरांच्या जागी अगम्य खुणांची माळ दिसते, कारण फाइल यूटीएफ-८ आहे हे तिला आपोआप कळत नाही. तेव्हा कमांडच्या शेवटी ‘-एन्कोडिंग यूटीएफ८’ लिहा. पॉवरशेल ७मध्ये त्याची गरज पडत नाही.